वायद्याची परीक्षा

आमच्या बुरोंडीच्या घरात काही शब्द मोठ्याने उच्चारायचे नाहीत, असा दंडक होता. रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणायचे नाही, ‘लांबडं’ म्हणायचे. हे कोकणात बहुतेक घरी आहे. पण आमच्या घराने या यादीत पदरचा एक शब्द घातला होता. तो शब्द म्हणजे ‘वायदा’. दूधवाला अंगणात उभा राहून म्हणाला, “पैशांचा उद्याचा वायदा हां, काकू,” तर थोरली काकू माजघरातून ओरडायची, “वायदा नको हो! उद्या देतो म्हणा, नाहीतर देत नाही म्हणा!” बिचारा दूधवाला गोंधळून जाई. मी तर दहा वर्षांचा होईपर्यंत वायदा हे आगरातल्या एखाद्या पिशाच्चाचे नाव असावे, असेच समजत होतो.

अशा घरातल्या मुलीने नेमक्या वायदेबाजारातच नोकरी धरावी, आणि तीही रीतसर परीक्षा देऊन, याला काय म्हणावे? माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने हेच केले. बी. कॉम. झाली, मुंबईत एका दलालाच्या कचेरीत तिला नोकरी मिळाली, आणि २०१९ साली गणपतीला ती घरी आली ती बगलेत एक जाडजूड पुस्तक मारूनच. मी छत्तीस वर्षे मुंबईच्या शाळेत गणित शिकवून नुकताच गावी येऊन स्थिरावलो होतो. परीक्षा म्हटले की निवृत्त मास्तरचे कान टवकारतात. मी विचारले, “कसली गं परीक्षा?”

“वस्तूंच्या वायद्यांची, काका. ती पास झाल्याशिवाय गिऱ्हाइकाचा सौदा घ्यायला बसवत नाहीत.”

माजघरात वातींचा कापूस पिंजत बसलेल्या थोरल्या काकूचे हात थांबले. ती तेव्हा नव्वदीला टेकली होती; पण हा शब्द तिला नव्वद पावलांवरूनही ऐकू गेला असता.

“शब्दाला आता परीक्षा आली का गो?” एवढेच ती म्हणाली, आणि पुन्हा कापूस पिंजू लागली.

काकूचा त्या शब्दावर एवढा राग का, ते सांगायचे तर आप्पांची गोष्ट सांगायला हवी. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, काकूचे यजमान. व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि पंधराव्या वर्षी हर्णैहून बोटीने मुंबईला गेले. काळबादेवीला कापसाची मोठी बाजारपेठ होती. त्या बाजाराला तोवर पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास होता. मुंबईतल्या कापूस-व्यापाऱ्यांची संघटना १८७५ साली स्थापन झाली होती आणि कापसाचे संघटित वायदे तेव्हापासूनचे. तिथल्या एका पेढीवर आप्पा चिकटले. पहिले वर्ष झाडू मारणे, दौती भरणे आणि चिठ्ठ्या पोचवणे यातच गेले. दुसऱ्या वर्षी रोजमेळ लिहायला मिळाला. मग शिवडीला, कॉटन ग्रीनच्या वखारीत, कापसाचा बोळा चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायला ते शिकले. दिवसा अंगठ्याने कापूस ओळखायचा, संध्याकाळी परदेशच्या तारेने आलेले भाव ऐकायचे, आणि रात्री पेढीवरच गादी पसरून झोपायचे. ते त्यांचे विद्यापीठ. पदवीदान समारंभ एवढाच, की एक दिवस शेटजींनी ‘अरे’ म्हणायचे सोडून ‘मेहताजी’ म्हटले.

त्या काळी हा धंदा असाच शिकला जाई, आणि कायदाही तेच मानत असे. शेअर बाजाराच्या सभासदत्वासाठी १९५७ साली जे नियम झाले, ते मी अलीकडे मुद्दाम वाचले. नव्या माणसाने एखाद्या सभासदाच्या हाताखाली निदान दोन वर्षे भागीदार, अधिकृत कारकून किंवा उमेदवार म्हणून काढलेली असावीत. नाहीतर तशी दोन वर्षे काढण्याचे कबूल तरी करावे. पण बाप, काका, भाऊ अशा जवळच्या नातलगाची चालती पेढी वारशाने आली असेल, तर त्याला ही अटच नाही! म्हणजे लायकी येते ती दोनच वाटांनी, एक उमेदवारीने आणि दुसरी रक्ताने. आप्पांच्या रक्तात आंबे आणि सुपाऱ्या होत्या. पण उमेदवारी त्यांनी दोन वर्षे नव्हे, दोन तपांच्या वर केली होती.

गावात त्यांचा मान मोठा. शिमग्याला ते आले की ओटीवर माणसे जमत. कुणी मासे विकून साठवलेले पैसे आणी, कुणी सुपारीचे. “आप्पा, मुंबईत कुठंतरी गुंतवा.” आप्पा घेत. सुरुवातीला ते पैसे त्यांनी खरोखरीच नीट ठेवले असावेत. पण १९५८ च्या सुमारास त्यांनी त्यातले काही ‘तेजी’ला लावले. तेजी-मंदी हा प्रकार असा, की भाव चढेल किंवा उतरेल यावर थोडी रक्कम आधी मोजायची. अंदाज बरोबर आला तर नफा, चुकला तर मोजलेली रक्कम गेली. मुंबई सरकारने कापसातली तेजी-मंदी १९३९ मध्येच बंद केली होती, आणि १९५२ च्या वायदेकायद्याने ती साऱ्या देशात निषिद्ध ठरवली. त्या कायद्याची अंमलबजावणी पाहायला १९५३ साली वायदेबाजार आयोगही बसला. पण बंद दाराआडचा बाजार कधी बंद असतो का?

कापूस उतरला आणि पैसे गेले. सगळे मिळून आठशे रुपये. त्या दिवशी आप्पांनी गावाला एक कार्ड टाकले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. आठशे रुपये म्हणजे तेव्हा लहान रक्कम नव्हे, पण घर बुडायची ती रक्कम नव्हती. आप्पांनी कार्ड टाकले ते ‘सर्व क्षेम’ म्हणून. पगारातून ते लोकांना व्याज धाडत राहिले आणि गेलेले पैसे परत आणायला आणखी पैसे लावत राहिले. आठ महिन्यांनी उलगडा झाला तेव्हा अकरा जणांचे चार हजार सातशे रुपये गेले होते. पेढीने त्यांना काढून टाकले. घराच्या खालची बाग विकली. तीस कलमे होती तिच्यात. उरलेले देणे आप्पांनी बुरोंडीला राहून, वरच्या बागेतल्या आंब्यांवर, फेडत आणले. एका लाल बासनाच्या वहीत अकरा नावे होती. दरवर्षी आंबे उतरले की आप्पा ती वही घेऊन दारोदार जात. शेवटच्या नावापुढे ‘फिटले’ असे लिहिले आहे ते १९७४ साली. त्यानंतर दोन वर्षांनी आप्पा गेले.

काकूच्या तोंडून ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. वडिलांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळली होती. तेव्हा आता पुतणीचे ते पुस्तक पाहून माझ्याही पोटात थोडे कालवले, हे कबूल केले पाहिजे. पण मास्तरचा स्वभाव! मी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडले.

आता ज्याला वायदेबाजारात गिऱ्हाइकाचे सौदे घालायचे आहेत, किंवा गिऱ्हाईक आणायचे आहे, त्याला ही परीक्षा द्यावी लागते. ‘सेबी’ने २००६ साली उभारलेली एक राष्ट्रीय संस्था ती घेते, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एनआयएसएम’ म्हणतात. तिचे आवार रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे, म्हणजे आम्हा कोकणवासीयांच्या शेजारीच म्हणायचे. तिच्या परीक्षांच्या मालिकेत सोळावी ती वस्तूंच्या वायद्यांची. शंभर प्रश्न, दोन तास, आणि उत्तर चुकले तर पाव गुण वजा. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. पुढे शिक्षण-वर्ग करून किंवा पुन्हा परीक्षा देऊन ते ताजे करून घ्यायचे. आणखी एक नियम पुतणीने सांगितला तेव्हा मला हसू आले. दलालाच्या वतीने गावोगाव काम पाहणारी जी अधिकृत व्यक्ती असते, ती निदान दहावी पास असावी लागते. आमचे आप्पा आज असते तर सातवी पास म्हणून दारातूनच परत आले असते!

अमेरिकेतही अशीच परीक्षा आहे. तिला ‘सिरीज थ्री’ म्हणतात. एकशेवीस प्रश्न, अडीच तास आणि दोन्ही भागांत सत्तर-सत्तर टक्के गुण. जपानात ओसाकाला तांदळाच्या वायद्यांना सरकारी मान्यता मिळाली ती १७३० मध्ये. शिकागोचा धान्यबाजार १८४८ चा. धंदा एवढा जुना, पण त्याच्या माणसाला कागद-पेन्सिल देऊन परीक्षेला बसवण्याची रीत मात्र अगदी अलीकडची. आपल्याकडे तर २००३ साली नवे संगणकी बाजार निघाले. २०१३ साली मुंबईच्या ‘नॅशनल स्पॉट एक्स्चेंज’मध्ये गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले, आणि पावत्या असलेला माल वखारीत नाही असे दिसून आले. त्यानंतर, २८ सप्टेंबर २०१५ ला, तो जुना वायदेबाजार आयोग ‘सेबी’त विलीन झाला आणि वस्तूंच्या दलालांनाही शेअर-दलालांसारखी शिस्त लागू झाली. आप्पांना ज्याने बुडवले तो तेजी-मंदीचा खेळसुद्धा आता ‘ऑप्शन’ या नावाने कायद्याच्या उजेडात आला आहे. २०१७ सालच्या धनत्रयोदशीला सोन्यावर त्याची सुरुवात झाली.

मी पुस्तकातला पहिला प्रश्न विचारला. “वायदा करणारे मुख्य प्रकारचे लोक कोण?”

“एक, ज्याला आपली जोखीम दुसऱ्यावर टाकायची आहे तो. दोन, जो ती जोखीम नफ्याच्या आशेने घेतो तो. तीन, दोन बाजारांतल्या भावांच्या फरकावर जगतो तो.”

“उदाहरण दे.”

“तुम्हीच की, काका!” ती म्हणाली. “तुम्ही बाग करारानं दिली आहे ना?”

मी गप्प झालो. खरेच होते ते. वायदा हा शब्द घरातून हाकलून आम्ही सारे जन्मभर वायद्यावरच जगत आलो होतो! आमच्याकडे कलमांना मोहोर दिसला, की व्यापारी येतो, बागेत फिरतो, मान वर करून झाडे पाहतो आणि सबंध बागेचा आकडा सांगतो. फळ अजून जन्मालाही आलेले नसते. पुढे थंडी पडेल की नाही, तुडतुडा येईल की काय, अवकाळी पाऊस लागेल का, वाशीच्या बाजारात पेटी काय भावाने जाईल, हे सारे त्याच्या माथ्यावर. आपल्याला ठरलेले पैसे मिळाले की आपण ओटीवर पाय पसरून बसायला मोकळे. कुणी एक वर्षासाठी देतो, कुणी तीन वर्षांसाठी. मासेमारीतही तेच; मोसमाच्या आधी नाखव्याने व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि पुढची मासळी त्यालाच घालायची. फरक एवढाच, की हापूसचा वायदा कोणत्याही बाजारात होत नाही. दोन आंबे एकसारखे नसतात आणि एकही आंबा टिकत नाही. सोने, चांदी, कापूस, खनिज तेल यांना ठरावीक प्रत असते, वखारीत टिकाव असतो, म्हणून त्यांचे वायदे होतात.

“आणि ‘मार्क टू मार्केट’ म्हणजे काय?” मी पुढचा प्रश्न वाचला.

“रोज बाजार बंद झाला की त्या दिवसाच्या भावानं प्रत्येकाचा हिशेब करायचा. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून त्याच दिवशीचं वसूल, ज्याचा फायदा झाला त्याच्या खात्यात जमा. नुकसान उद्यावर ढकलायचं नाही.”

“म्हणजे रोजमेळ,” माजघरातून आवाज आला. आम्ही दोघांनीही मान वळवली. काकू वाती वळत होती. ती पुढे काही बोलली नाही.

पुतणी परीक्षा पास झाली आणि कामाला लागली.

पुढच्या मार्चमध्ये, २०२० च्या शिमग्याला, ती पालखीसाठी चार दिवस म्हणून घरी आली आणि टाळेबंदीत अडकली. कचेरीने तिला घरूनच फोनवर काम करायला सांगितले. बुरोंडीला आमच्या आळीत फोन धड लागत नाही. पृथ्वीच्या गोलावर परशुराम उभा आहे ना, त्या बाजूला चढून गेले की लागतो. ही पोर रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून, हातात वही घेऊन तिकडे जाई आणि संध्याकाळी परत येई.

२० एप्रिलला सोमवार होता. त्या दिवशी खनिज तेलाच्या एप्रिल महिन्याच्या वायद्याची मुदत संपत होती. टाळेबंदीमुळे जगभर मोटारी आणि विमाने थांबलेली, तेलाला मागणी नाही, साठवायला जागा नाही. भाव रोज घसरत होता. पुतणीचे एक गिऱ्हाईक होते, एक निवृत्त गृहस्थ, माझ्याच वयाचे. त्यांनी शंभर पिंपांचा एक सौदा खरेदीचा धरून ठेवला होता. टाळेबंदीमुळे आपला बाजार त्या वेळी संध्याकाळी पाचलाच बंद होत असे. चारच्या सुमारास तिने त्यांना फोन केला, “काका, सौदा कापून टाका.” ते म्हणाले, “आता कापून काय मिळणार? अजून किती खाली जाईल?” आणि ही म्हणाली, “फार तर शून्य.”

पुढे सारी रात्र तिला छळले ते या दोन शब्दांनीच. आपला बाजार पाचला बंद झाला, पण अमेरिकेतला चालू होता. आपल्याकडे मध्यरात्र होत आली त्या सुमारास तिथे तेलाचा भाव शून्यावर आला, आणि तिथे थांबला नाही. तो शून्याच्या खाली गेला. पिंपाला उणे ३७.६३ डॉलर! म्हणजे तेल घ्या, वर पैसेही घ्या, पण आमच्या दारातून न्या. असे पूर्वी कधी झाले नव्हते. आपल्या बाजाराचा अखेरचा भाव तिकडच्या भावाला बांधलेला. तो पुढे ठरला पिंपाला उणे २,८८४ रुपये. शंभर पिंपांच्या त्या एका सौद्यावर, भाव शून्यावर येईतो जे गेले ते वेगळेच, वर आणखी २,८८,४०० रुपयांचे देणे.

मध्यरात्री मला जाग आली ती ओटीवर कुणी मुसमुसत होते म्हणून. पुतणी पायरीवर बसली होती. बातमी तिला कळली होती, नेमका आकडा अजून यायचा होता. कचेरीतल्या वरिष्ठांचा निरोप आला होता, की आकडा पक्का होईपर्यंत कुणालाही काही सांगू नका. आणि तिच्या शेजारी थोरली काकू बसली होती, मांडीवर लाल बासनाची वही घेऊन.

“तू त्यांना काय सांगितलं होतंस?” काकूने विचारले.

“फार तर शून्य, असं म्हटलं होतं, आजी. पुस्तकात कुठं नव्हतं हो, भाव शून्याच्या खाली जातो म्हणून...”

“नसेल. पुस्तक लिहिणाऱ्यानं तरी कुठं बघितलं होतं? चुकलं तुझं. पण चुकण्याचं मला काही नाही गो.” काकूने वही उघडली. कंदिलाच्या उजेडात आप्पांचे मोत्यासारखे अक्षर दिसले. “हे बघ. आमच्या माणसाचंही चुकलं. कापूस चढेल म्हणाले, उतरला. देवाला कळत नाही तो कापूस माणसाला काय कळायचा? आठशे गेले. आठशेची गोष्ट असती तर मी गळ्यातली माळ मोडून दिली असती. पण आठ महिने ते मला ‘सर्व क्षेम’ म्हणून लिहीत होते. मी ती पत्रं देवापुढं ठेवीत होते. बाग गेली ती कापसापायी नाही गेली. ती त्या आठ महिन्यांपायी गेली.”

सबंध आयुष्यात काकू या विषयावर एवढे एकदाच बोलली. मग ती उठली आणि म्हणाली, “त्या गृहस्थांना झोपू दे. कोंबडा आरवला की सांग. चहाच्या आधी. आकडा आला नसला तर आकडा आला नाही म्हणून सांग.”

पहाटे साडेपाचला मी आणि पुतणी बॅटरी घेऊन चढण चढलो. समुद्रावर अजून काळोख होता. खाली बंदरात होड्या नांगरलेल्या होत्या. तिने फोन लावला. मी चार पावले दूर उभा राहिलो, तरी ऐकू येत होतेच. “काका, मी चार वाजता तुम्हांला फार तर शून्य म्हटलं होतं. ते माझं चुकलं.” मग तिने सारे सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग फोन बंद झाला. ती दगडावर बसली. अर्ध्या तासाने तिचा फोन वाजला. त्यांनी एकच विचारले, “भरायला किती दिवस आहेत?” त्या अर्ध्या तासात त्यांनी आपल्या मुलाला उठवून सांगितले होते. बातमी दुपारी वर्तमानपत्रवाल्यांकडून कळली असती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करत नाही. ते पैसे त्यांनी भरले. सौदे करायचे मात्र कायमचे सोडले. दिवाळीला पुतणीला त्यांचा फोन येतो.

मास्तर म्हणून मी त्या दिवशी मनात म्हटले, चला, पोरगी खऱ्या परीक्षेत पास झाली. माझा स्वतःचा पेपर अजून यायचा आहे, याची मला कल्पना नव्हती.

तो आला ३ जूनला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले, पण त्याच्या तडाख्यातून दापोली तालुका सुटला नाही. दुपारी दोन-तीन तास आम्ही माजघरात दारे लावून बसलो होतो. बाहेर कौले उडत होती, आणि मधूनच बंदुकीच्या बारासारखा आवाज येई. तो झाड मोडल्याचा. वारा पडल्यावर वरच्या बागेत गेलो. एकवीस कलमांपैकी नऊ मुळासकट आडवी झाली होती. त्यांतली सहा आप्पांनी मुंबईहून परत आल्यावर लावलेली, देणे फेडता फेडता. माणूस गेल्यासारखे मी त्या बुंध्यावर हात ठेवून उभा राहिलो.

बाग तीन वर्षांच्या कराराने दिलेली होती. व्यापारी वाशीला असे. पुढच्या हंगामाचा हप्ता १५ जूनला यायचा होता. वीज नव्हती, फोन नव्हता, रस्ते झाडांनी अडलेले. दापोलीत काय झाले हे आम्हांला कळत नव्हते, तिथे वाशीच्या माणसाला बुरोंडीच्या नऊ कलमांची काय खबर लागणार? आणि माझ्या मनात, छत्तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या या मनात, एक हिशेब सुरू झाला. हप्ता येऊ द्यावा. बारा दिवसांचा तर प्रश्न. घराची कौले घालायची आहेत. फोन तर खरोखरीच बंद आहेत, त्यात माझा काय दोष? तो दसऱ्याला येईल तेव्हा डोळ्यांनी पाहीलच की!

रात्री जेवताना मी यातले काही बोललो नाही. पण घरातल्या बायकांना न बोललेले आधी ऐकू येते. पुतणी ताटाकडे पाहत म्हणाली, “काका, व्यापाऱ्याला कळवायला हवं ना?”

“फोन कुठं लागतोय?” मी म्हटले.

काकूने भात वाढता वाढता हात थांबवला आणि सहज विचारावे तसे विचारले, “किती महिने लागायचा नाही?”

तिसऱ्या दिवशी मी गावातल्या एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलो. पडलेली झाडे चुकवत, उतरून ढकलत, खेडच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर फोन लागला. एकवीसपैकी नऊ गेली, असे मी व्यापाऱ्याला सांगितले. तोही थोडा वेळ गप्प राहिला. हप्ता निम्म्याहून कमी आला. त्या पावसात आम्ही कौलांऐवजी ताडपत्री घातली आणि ठिकठिकाणी पातेली मांडली. तो व्यापारी मात्र आजही आमच्याच बागेत येतो, आणि आता बाग न पाहता आकडा सांगतो. मी सांगितलेली झाडे त्याला पुरतात.

थोरली काकू त्यानंतर दोन वर्षांनी गेली. आमच्या घरात तो शब्द आता सर्रास उच्चारला जातो.

मध्यंतरी पुतणी पुन्हा ते पुस्तक घेऊन आली होती. प्रमाणपत्राची मुदत पुन्हा भरत आलेली, म्हणून तिसऱ्यांदा परीक्षा. वर्ग करून भागले असते, पण ती म्हणाली, “परीक्षाच देते. तुम्ही प्रश्न विचारता ते मला आवडतं.” पुस्तकाची नवी आवृत्ती होती. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारच्या धोरणाने गहू, हरभरा, मूग, सोयाबीन अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले होते, त्यामुळे कालची उदाहरणे आज जुनी झाली होती. मी प्रश्न विचारत गेलो, ती उत्तरे देत गेली. एका ठिकाणी दलालाच्या लायकीचा नियम आला. त्याच्या अंगी सचोटी, प्रामाणिकपणा, नीतीने वागणे, चांगला लौकिक आणि चारित्र्य असावे, असे त्यात लिहिले आहे.

“हे कसं तपासतात गं?” मी विचारले. “शंभरांतले किती गुण याला?”

“याला गुण नाहीत, काका,” ती म्हणाली. “नियम काय आहे, एवढंच विचारतात. तो पाळता का, हे विचारून कसं कळणार?”

मला ते पटले. परीक्षा हवीच. जो दुसऱ्याचा पैसा हाताळतो त्याला अनामत म्हणजे काय, मुदत कधी संपते, नुकसान कुठवर जाऊ शकते, हे ठाऊक नसेल तर त्याचा प्रामाणिकपणा गिऱ्हाइकाच्या काय कामाचा? आप्पांना तर धागा नि धागा ठाऊक होता. त्यांच्या उमेदवारीत एकच धडा राहून गेला होता, आणि तो त्यांनी पुढे सोळा वर्षे दारोदार फिरून पुरा केला. वाईट बातमी ज्याची त्याला त्याच दिवशी नेऊन द्यायची, एवढाच तो धडा. आजच्या बाजाराने त्याला इंग्रजी नाव देऊन नियमात बसवला आहे आणि रोज संध्याकाळी यंत्राकडून पाळूनही घेतला जातो. पण यंत्र आकडा कळवते. ‘माझे चुकले’ हे माणसालाच कळवावे लागते.

पुतणी पास झाली. प्रमाणपत्राची एक प्रत तिने मला दिली आणि म्हणाली, “काका, जपून ठेवा कुठंतरी.” मी माजघरातली फडताळाची कडी काढली. लाल बासनाची वही तिथे होती. अकरा नावांच्या पानात ती प्रत घडी करून ठेवली आणि वही पुन्हा बांधली. मग दिवेलागण झाली म्हणून उठलो. व्यापाऱ्याला फोन करायचा होता. दोन कलमांना यंदा पालवी जास्त आली आहे, मोहोर कमी धरेल, हे त्याला आजच सांगायला हवे होते.